रश्मीची मान आणि एकशे चौसष्ट चौकटी

"एवढं मोठं मशीन घेऊन बसली, अन् एक मान झाकता येईना."

हे मला उद्देशून नव्हतं. म्हणजे मला ऐकू यावं इतक्या जवळून होतं, पण उत्तर देता येऊ नये इतक्या हळू होतं. माझ्या मोठ्या जाऊबाई, मालतीताई, माझ्या खुर्चीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा श्वास माझ्या उजव्या कानावर पडत होता. संगणकावर काम करणाऱ्या बाईच्या मागे कोणी उभं राहू नये, असा कायदा व्हायला हवा. स्वयंपाक करताना मागे उभं राहिलेलं चालतं, फार तर मीठ जास्त पडतं. इथे माणसाचं नाक लांब होतं.

पडद्यावर त्यांची मुलगी रश्मी होती. वय सत्तावीस, एम.एस्सी. गणित, शाहपूरच्या शाळेत नववी-दहावीला शिकवते. हिरव्या साडीतला फोटो. हसू असं, की बघणाऱ्यालाही हसावंसं वाटावं. आणि डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत मान पांढरी. नकाशा रंगवताना तापीकाठचा एक तुकडा रंगवायचा राहून जावा, तशी.

त्याला आपल्या भाषेत एक शब्द आहे. दोनच अक्षरं. पण आमच्या घरात तेरा वर्षांत तो कोणी उच्चारलेला नाही. मालतीताई म्हणतात "ते". रश्मीचे वडील, म्हणजे माझे थोरले दीर जीवनभावजी, म्हणतात "स्किनचं". माझे यजमान मनोज म्हणतात "उन्हाचं". सासूबाई काहीच म्हणत नाहीत, नुसता स्वतःच्या मानेला हात लावतात. मी स्वतः काय म्हणते हे आठवून पाहिलं, तर मी विषयच बदलते.

आता हा फोटो आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत जाणार होता. पुस्तिका सहाशे घरांत जाणार. लोक जेवण झाल्यावर ती मांडीवर घेऊन बसणार आणि पानं उलटणार. मालतीताईंची सगळी भीती त्या उलटण्यात होती. "मान दिसली ना छाया, तर पुढचं कोणी वाचायचंच नाही. एम.एस्सी. नाही न् काही नाही. पान पलटतील." आणि नाही दिसली, तर? मग लोक घरी येतील, समोर बसतील, आणि मग? ते कोणी विचारत नव्हतं. पुढचं पुढे. आमच्याकडे भीतीलासुद्धा नंबर लावून बसवतात.

हे काम माझ्याकडे आलं, कारण मी ते येतं असं एकदा म्हणून बसले होते. भोपाळचे एक सर हिंदीतून पुस्तकं जुळवायचं सॉफ्टवेअर शिकवतात, "तो दोस्तों" म्हणून सुरुवात करतात. आठ महिने मी त्यांची दोस्त होते. शिकून झाल्यावर बहादरपूरच्या व्यापाऱ्यांसाठी केळीच्या खोक्यांवरची लेबलं केली. केळीचं बरं असतं. केळं कितीही ताणलं तरी केळंच राहतं, आणि त्याची आई मागे येऊन उभी राहत नाही.

मग समाजाचे अध्यक्ष भगवानआण्णा एक दिवस चहाला आले. आण्णा कागदाच्या मिलमधून निवृत्त झालेले. जन्मभर कागद पाहिल्यामुळे त्यावर काय छापावं हेही आपल्यालाच कळतं, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे. "छायाताई, घरचंच काम आहे," ते म्हणाले. घरचं काम म्हटलं की त्याला सुट्टी नसते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

थोडं या चौकटींविषयी सांगते, कारण पुढच्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथे आहे. या सॉफ्टवेअरमध्ये फोटो कागदावर नुसता चिकटवता येत नाही. आधी चौकट आखायची, मग फोटो तिच्यात सोडायचा. चौकट म्हणजे खिडकी आणि फोटो म्हणजे खिडकीमागे उभं असलेलं माणूस. माणूस फार मोठं केलं, तर खिडकीतून नुसतं नाक दिसतं. फार लहान केलं, तर ते कोपऱ्यात उभं आणि बाकी खिडकी मोकळी. कापलं असं आपण म्हणतो, पण कापलं काहीच जात नाही. जे दिसत नाही, ते भिंतीआड तसंच उभं असतं. भोपाळवाले सर हे फार सहज सांगून पुढे गेले होते. मला त्याची भीती वाटायला तीन आठवडे लागले.

चौकट सगळ्यांना सारखी, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. हा पुस्तिकेच्या समितीचा नियम. दुसरा नियम : फोटोत पुसापुशी, रंगरंगोटी केलेली चालणार नाही. मागच्या खेपेला एका मुलाचा फोटो स्टुडिओवाल्याने इतका उजळून दिला होता की, मुलीकडचे स्टेशनवर त्याला घ्यायला गेले आणि त्याच्यासमोरून तीनदा फिरून परत आले. तेव्हापासून फक्त कापायला परवानगी.

तर मी कापायला बसले.

आधी फोटो मोठा करत नेला. मान खिडकीबाहेर गेली. तिच्यामागे हनुवटी गेली, कारण डाग हनुवटीच्या कडेलाच लागून आहे. कान गेला. उरले दोन डोळे, नाक आणि अर्धं हसू. "छान!" मालतीताई म्हणाल्या. तेवढ्यात रश्मी शाळेतून आली. हेल्मेट काढता काढता पडद्याकडे बघून म्हणाली, "काकू, ये क्या है? कोणी दाराच्या भोकातून बघतंय असं वाटतं. मुलगा घाबरून पळून जाईल ना यार."

"तू गप बस वं," मालतीताई म्हणाल्या. "तुला काय कळतं."

"फोटो माझा आहे, आई."

"म्हणूनच."

समोरच्या उषाबाई तेव्हाच विरजण मागायला आल्या. त्यांच्या घराला लागून पॉवरलूमचा कारखाना आहे. तीस वर्षं त्या खटखटाटाच्या वरून बोलून बोलून त्यांना हळू बोलणं म्हणजे काय हेच आठवत नाही. त्यांनी वाटी हातात घेऊनच निदान केलं. "अहो छायाताई, फोटो वरून जरा दाबा ना! मान आखूड होईल, झालं!" हे अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. मालतीताईंनी धावत जाऊन खिडकी लावली.

दाबलं. भोपाळवाल्या सरांनी बजावलं होतं की, लांबी-रुंदीचं प्रमाण सोडू नका दोस्तों, माणूस बिघडतं. मी प्रमाण सोडलं. मान आखूड झाली खरी, पण चेहरा भाकरीसारखा पसरला, खांदे दोन्हीकडे गेले आणि पडद्यावर हिरव्या साडीत चक्क भगवानआण्णा दिसायला लागले. मी घाबरून मागे घेतलं. त्या दिवशी आण्णांचा फोन आला, तेव्हा त्यांच्या डोक्यावर पदर आहे असंच मला वाटत राहिलं.

माझ्या यजमानांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. तारा उलट जोडल्या की पंखा उलटा फिरतो, या तत्त्वावर त्यांची फार श्रद्धा. "फोटो उलटा कर," ते म्हणाले. "डावं उजवीकडे जाईल."

"मग?"

"मग काय? लोक डावीकडे बघतील."

या युक्तिवादात काहीतरी चुकत होतं, पण माझी भीती तेव्हा इतकी वाढली होती की मी ऐकलं. आरशातल्यासारखा फोटो फिरवला. सासूबाई, म्हणजे सोजरबाई, चष्मा पुसत पुसत आल्या. बराच वेळ पाहिलं. "ही कोण वं? गुजरातीण दिसते. पदर उजव्या खांद्यावर, चमकी उजव्या नाकात. चेहरा मात्र आपल्या रश्मीसारखाच आहे हां." मग थोडं थांबून त्यांनी स्वतःच्या मानेला हात लावला. उजव्या बाजूनं.

नवा फोटो काढू, असंही झालं. शनवारा भागातल्या स्टुडिओसाठी भर उन्हाळ्यात बंद गळ्याचं ब्लाउज शिवलं. डाग ब्लाउजच्या काठावरून वर डोकावला, कुंपणावरून शेजारीण डोकावते तसा.

या सगळ्या खटपटीत मला जुन्या फोटोंचा डबा उघडावा लागला, एखादा जमतोय का बघायला. लग्नं, बारशी, असीरगडाची सहल. आणि माझ्या लक्षात आलं की, गेल्या तेरा वर्षांतल्या प्रत्येक फोटोत रश्मी एकाच कडेला उभी आहे. डावी बाजू भिंतीकडे, नाहीतर कोणाच्या तरी खांद्याआड, नाहीतर केस पुढे. तिला असं उभी राहा म्हणून कोणी कधी सांगितलेलं नाही. मी तरी सांगितलेलं नाही. फोटो काढणारी बहुतेक वेळा मीच होते, आणि ती नीट मावली की मीही खटका दाबून मोकळी व्हायची. म्हणजे माऊस हातात यायच्या कितीतरी आधीपासून मी कापतेच आहे. डबा मी बंद केला. तो विचारही.

मधल्या काळात कुठून कोण जाणे, पण छायाताई कापून देतात अशी गावात बातमी झाली.

मग लोक यायला लागले. बहुतेक दुपारी, गल्ली झोपलेली असताना. राजपुऱ्यातले एक गृहस्थ मुलाचं टक्कल खिडकीबाहेर ठेवायला सांगून गेले. "कपाळापर्यंत घ्या. वरचं त्यांना काय करायचंय?" एक आई मुलीचे दंड काढायला आल्या. एका मुलाच्या फोटोत त्याच्या खांद्यावर हिरव्या बांगड्या घातलेला हात होता. हात कोणाचा, ते मी विचारलं नाही. त्याचे काका आपणहून म्हणाले, "हात काढा. हाताचं कोर्टातून झालंय." लालबागेच्या एका मुलाचा फोटो थेट मोटारसायकलवरचा होता. त्याला मोटारसायकल ठेवायची होती, म्हणून डोकं साबुदाण्याएवढं झालं होतं.

सगळ्यांचं मी केलं. सगळ्यांची भिंतीआड ठेवायची वस्तू भिंतीआड ठेवली. आपण एकट्याच घाबरट नाही, हे कळून मला बरं वाटायला हवं होतं. उलट झालं. आता एकशे चौसष्ट खिडक्या माझ्या अंगावर होत्या, आणि प्रत्येकीच्या मागे कोणी ना कोणी दबा धरून बसलेलं. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं की मी आधी त्यांच्या चौकटीबाहेरच्या भागाकडे बघायची. रश्मीचा फोटो शेवटी असा बसवला की हनुवटीची कड राहिली, डावा कान गेला, आणि मान जेमतेम बोटभर उरली. त्या बोटभर मानेकडे मालतीताई रोज येऊन बघून जायच्या. पोर तापाने फणफणलेली असताना आई कपाळाला हात लावून जाते, तशा.

आणि मग मंगळवार उगवला.

आण्णांचा फोन : "ताई, पीडीएफ टाका. समितीला दाखवायचं आहे. लगेच." मी घाईघाईने सगळ्या चौकटी एकदम निवडल्या, एका रेषेत आणाव्या म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये तिथे चार-पाच बारकी बटणं शेजारी शेजारी आहेत. एक म्हणतं, चित्र चौकटीएवढं करा. दुसरं म्हणतं, चौकट चित्राएवढी करा. मला यातलं कोणतंच नको होतं. माझ्या हातून दुसरं दाबलं गेलं. शेगडीवर दूध होतं, ते वर यायला लागलं होतं. मी पडद्याकडे न बघता फाइल काढली, आण्णांना पाठवली आणि दुधाकडे धावले.

दूध वाचलं.

परत येऊन पाहिलं आणि माझी पाचावर धारण बसली. एकशे चौसष्ट खिडक्या भिंतींसकट उघडल्या होत्या. टक्कल चमकत होतं. दंड बाहेर आले होते. हिरव्या बांगड्यांचा हात खांद्यावर परत आला होता, कोर्टाला न जुमानता. फोटो एकमेकांवर चढले होते, आणि बेचाळिसाव्या पानावर रश्मी, कमरेपर्यंत, पूर्ण मानेची, शेजारच्या इंजिनियर मुलाच्या शिक्षणावर उभी राहून हसत होती.

आण्णांना फोन लावला. "मिळालं, मिळालं," ते म्हणाले. "समितीच्या ग्रुपवर टाकलं पण. फोटो जरा मोठे आलेत का हो?"

ग्रुपवर अकरा माणसं, त्यांत जीवनभावजीही, पण ते ग्रुप कधी उघडत नाहीत. मी आण्णांना म्हटलं, काढा, आधी काढा ते. त्यांना काढता येईना. "इथे तीन टिंबं आहेत. कोणतं टिंब दाबू?" टिंब सापडेपर्यंत सतरा मिनिटं गेली. त्या सतरा मिनिटांत मी देवासमोर दोनदा जाऊन आले, पण काय मागायचं ते ठरेना. लोकांनी पाहिलं नसू दे म्हणावं, की पाहून विसरू दे म्हणावं?

संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत बसले. मालतीताईंना सांगायचा धीर झाला नाही. फोन तीनदा वाजला. एक फोन बँकेतून, एक चुकीचा. तिसरा वैजयंतीबाईंचा. त्या समितीच्या चिटणीस. शिस्तीच्या बाई आहेत, वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा जावक क्रमांक टाकून देतील.

"छायाताई, फोटो चुकून मोठे आले, होतं असं," त्या म्हणाल्या. मी मोकळा श्वास घेणार, एवढ्यात पुढचं वाक्य आलं. "मी आता फोटोबद्दल बोलतच नाही. मी रकान्याबद्दल बोलते. रश्मीचा एक रकाना रिकामा आहे."

त्याचं असं झालं होतं. माहितीचा फॉर्म आण्णांनी स्वतः बनवला होता. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, मंगळ, अपेक्षा. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी छापलं होतं, "कोड : ......". मिलमध्ये कागदाच्या प्रत्येक रिळाला कोड नंबर देण्यात त्यांचा जन्म गेला. तसाच मुला-मुलींना एक, दोन, तीन असा कोड नंबर द्यावा, एवढाच त्यांचा साधा हेतू. पण फॉर्म भरला तो आपल्या माणसांनी. वधू-वराच्या फॉर्मवर, मंगळाच्या खाली, "कोड" असं वाचल्यावर आपली माणसं काय समजणार?

"नाही."

"मुळीच नाही."

"देवाच्या कृपेने नाही."

"सात पिढ्यांत कोणालाही नाही, चौकशी करावी."

एकाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "कोड नाही, चष्मा आहे."

आणि मी? मी टाइप करणारी. मूळ प्रतीत माशी मेलेली असेल तर मीही तिथे माशी मारते. जे आलं ते लावत गेले. एकशे त्रेसष्ट फोटोंखाली तो शब्द, आणि त्याच्यापुढे नकार. तेरा वर्षं ज्या शब्दाला घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता, तो मीच माझ्या बोटांनी एकशे चौसष्ट वेळा जुळवला होता, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. आलं होतं. मी पुढच्या पानावर जायची.

रश्मीचा फॉर्म जीवनभावजींनी भरला होता. हा माणूस गॅसच्या फॉर्मवरचा "इतर माहिती" हा रकानाही भरतो. तिथेही "सध्या काही नाही, कळवीन" असं लिहितो. त्यांनी ही एकच जागा कोरी सोडली होती. मान मी बोटभर उरेपर्यंत कापली होती, आणि खाली ती कोरी जागा सहाशे घरांना सांगायला बसली होती.

मी आण्णांना गाठलं. त्यांना आधी कळेचना. "अहो, कोड म्हणजे नंबर! एक, दोन, तीन!" मग कळलं. "अरे देवा," म्हणाले. "मला वाटलं लोकांना नंबर नको आहे." पण माणूस भला. म्हणाले, "ते सगळं काढा. मी म्हणतो ना. नंबर टाका." त्या एका रात्री मी झोपले. पूर्ण आठ तास.

दुसऱ्या दिवशी बातमी फुटली, आणि नंबराला विरोध सुरू झाला. लोक म्हणायला लागले, आम्ही खरं लिहून दिलं ते का खोडता? आमच्या पोराला नाही, तर नाही छापायला कोणाच्या पोटात दुखतं? त्याच बुधवारी रात्री समितीची बैठक झाली. ठराव क्रमांक चार, वैजयंतीबाईंनी मांडला : नोंदणी क्रमांक वेगळा द्यावा, आणि सदर रकाना आहे तसा ठेवावा. हात वर करा. जीवनभावजी समितीत आहेत. सगळ्यांचे हात वर गेले. आपला खाली राहिला तर दिसेल, म्हणून त्यांनीही केला. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं आणि चप्पल न काढताच पाटावर बसले. मालतीताईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, एवढंच.

शुक्रवारी फाइल छापखान्यात जायची होती. गुरुवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, आम्ही सगळे माझ्या त्या साडेसात बाय नऊच्या खोलीत जमलो. मी खुर्चीत. मालतीताई मागे. भावजी पलंगाच्या कडेला. सासूबाई दारात. मनोज भिंतीला टेकून. पडद्यावर बेचाळिसावं पान, आणि कोऱ्या जागेत कर्सर लुकलुकत होता. तो किती निर्दय प्राणी आहे, हे त्या दिवशी कळलं. उत्तर मिळेपर्यंत दर सेकंदाला विचारतोच.

"एक आडवी रेघ मार," मनोज म्हणाले.

"रेघ म्हणजे काय समजतील?"

"रेघ म्हणजे रेघ."

"'लागू नाही' लिही," भावजी म्हणाले. "सरकारी फॉर्मवर लिहितात ना, तसं."

"'समक्ष भेटीत,' असं लिहिलं तर?" हे मी म्हटलं. मलाही कबूल करायला हवं.

"रिकामं राहू दे ना," सासूबाई म्हणाल्या. "रिकाम्याला कोण बघतं?"

एकशे त्रेसष्ट नकारांमध्ये एक रिकामी जागा कोण बघतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्हीच बघतो. दुसऱ्याच्या घरची असली की.

रश्मी तेवढ्यात आली. हेल्मेट हातात, खांद्याला वह्यांची पिशवी. तिने पडदा पाहिला, मग आम्हाला एकेक करून पाहिलं. गणिताच्या तासाला उत्तर येत नसलेली मुलं बाकावर बसावीत, तसे आम्ही दिसत असणार. ती दाराच्या चौकटीला डावी बाजू लावून उभी राहिली.

भावजींनी तिच्याकडे बघितलं आणि खाली बघून म्हणाले, "छाया, 'नाही' लिहून टाक."

"भावजी..."

"लिही ना बाई. दोन अक्षरं आहेत. पुढचं पुढे."

"पुढे ते घरी येतील तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा!" त्यांचा आवाज एवढा मोठा मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. लगेच खालीही आला. "सगळ्यांनी लिहिलंय. आपणच कशाला... तिने काय पाप केलंय?"

मी रश्मीकडे पाहिलं. "लिही काकू," ती म्हणाली. "जे लिहायचं ते लिही. मला वह्या तपासायच्यात." पण हलली नाही. आवाज कोरडा होता, आणि हेल्मेटचा पट्टा ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मी "ना" टाइप केलं. माझं बोट पुढच्या अक्षरावर जाईना. पन्नाशीला आलेली बाई, लेबलं करते, गाडी चालवते, पालीला चपलेनं मारते. एक "ही" उमटेना. मला दिसत होतं की, हे जर मी लिहिलं, तर ही मुलगी उद्यापासून आणखी एका भिंतीला लागून उभी राहील, आणि ती भिंत मी बांधलेली असेल. आणि नाही लिहिलं, तर पान पलटेल. दोन्हींची भीती सारखीच होती.

फोन वाजला. आण्णा. घाईत माझं बोट स्पीकरवर पडलं.

"छायाताई, छापखान्याचा माणूस समोर बसलाय," त्यांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. "वैजयंतीबाई पण इथेच आहेत. सगळं झालं, ते एकच राहिलंय. ते... रश्मीचं... म्हणजे तो जो रकाना आहे, त्याचं काय ते आता... तुम्ही बघा कसं... तुम्हाला समजतंय ना मी काय म्हणतोय?"

"समजतंय, आण्णा."

"मग काय लिहायचं?"

पलीकडच्या लूमची खटखट तेवढी चालू होती. माझ्या कानाजवळचा तो श्वास दूर झाला, आणि मालतीताई खुर्चीला वळसा घालून पुढे आल्या. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. स्पीकर चालू आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही. फोन त्यांनी दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला, ताट धरतात तसा.

"आण्णा, मी मालती बोलते. रश्मीला कोड आहे. ऐकू येतं ना? कोड. मानेला, डाव्या बाजूनं. नववीत होती. शाळेत जायला तयार होऊन उभी राहिली, तर मला वाटलं, पोरीला पावडर लागली. पदर ओला केला अन् पुसत बसले. किती वेळ पुसलं मी आण्णा, मान लाल झाली तिची, तरी पोर हलली नाही. 'आई, उशीर होतो,' एवढंच म्हणाली. लिहा तुम्ही. आहे म्हणून लिहा."